वायफाय जोडलेलं आहे, तरी इंटरनेट का चालत नाही?

मोबाइलवर वायफायची रेंज फुल दिसते, पण व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज काही केल्या जात नाही. अशा वेळी बहुतेक जण राउटर बंद करून पुन्हा चालू करतात. कधी नेट सुरू होतं, कधी होत नाही. नेमकं कुठे अडलं आहे, हे ओळखण्यासाठी नेटवर्किंगच्या तीन मूलभूत गोष्टी माहीत असल्या तरी पुरे.

१. वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे

वायफाय हा मोबाइल आणि राउटर यांना रेडिओ लहरींनी जोडणारा दुवा आहे. राउटरच्या पुढे इंटरनेट कंपनीची केबल असते. मोबाइलवर दिसणारी रेंज फक्त राउटरपर्यंतची असते. त्यामुळे रस्त्यावर केबल तुटली तरी घरात रेंज फुलच दिसते. फायबर कनेक्शन असेल तर डब्यावरचा ‘एलओएस’ नावाचा दिवा पाहावा. तो लाल असेल तर केबलमधून सिग्नल येत नाही असे समजावे.

२. आयपी अ‍ॅड्रेस

माहिती योग्य ठिकाणी पोहोचण्यासाठी नेटवर्कवरच्या प्रत्येक उपकरणाला पत्ता लागतो. घरात हा पत्ता राउटर देतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५. आयपीव्ही४ या पद्धतीत एकूण सुमारे ४३० कोटीच पत्ते आहेत. जगातल्या सगळ्या उपकरणांना ते पुरत नाहीत. म्हणून घरातली सगळी उपकरणं सहसा एकाच सार्वजनिक पत्त्यावरून बाहेर जातात. या व्यवस्थेला ‘नॅट’ म्हणतात. विंडोज कॉम्प्युटरवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही.

३. डीएनएस

माणसांच्या लक्षात नावं राहतात, कॉम्प्युटरला मात्र आकडे लागतात. वेबसाइटच्या नावावरून तिचा आयपी अ‍ॅड्रेस शोधून देणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी तिची रचना मांडली. डीएनएस बंद पडलं, तर इंटरनेट सुरू असूनही वेबसाइट उघडत नाहीत.

बिघाड कसा शोधावा?

कॉम्प्युटरवरची ‘पिंग’ ही कमांड समोरच्या उपकरणाला हाक मारते आणि उत्तराची वाट पाहते. ती पुढील क्रमाने वापरावी:

- राउटरचा पत्ता (‘डीफॉल्ट गेटवे’ म्हणून दिसतो): उत्तर नाही, तर अडचण बहुधा घरातच, म्हणजे वायफाय किंवा राउटरमध्ये.
- ८.८.८.८ (गूगलचा सार्वजनिक डीएनएस सर्व्हर): राउटर उत्तर देतो पण हा नाही, तर अडचण बहुधा राउटरच्या पुढच्या जोडणीत.
- एखाद्या वेबसाइटचं नाव: वरची दोन्ही उत्तरं आली, पण या नावाचा पत्ताच सापडला नाही, तर अडचण डीएनएसची.

काही सर्व्हर पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत. त्यामुळे एकाच वेबसाइटवरून निष्कर्ष काढू नये.

राउटर रीस्टार्ट केल्याने काय होतं?

राउटरची मेमरी रिकामी होते आणि तो कंपनीशी नव्याने जोडला जातो. अडकलेला राउटर त्याने सुटतो, तुटलेली केबल मात्र जोडली जात नाही.

फॉर्म भरायचा शेवटचा दिवस असेल, तर हा फरक महत्त्वाचा ठरतो. दिवा लाल असेल तर रीस्टार्ट करत बसण्यापेक्षा मोबाइल डेटा वापरून काम उरकावं आणि कंपनीकडे तक्रार करावी. तक्रार करताना नुसतं ‘नेट चालत नाही’ न म्हणता ‘राउटर उत्तर देतो, बाहेरचा पत्ता देत नाही’ असं सांगावं.