जन्माआधीचे लेकरू : एका अभ्यासाची प्रस्तावना

आईच्या पोटातल्या जिवाच्या मोलाविषयी ख्रिस्ती माणसे जवळजवळ दोन हजार वर्षे लिहीत आली आहेत. त्यांतले बहुतेक लेखक पुरुष, आणि त्यांतही बरेचसे अविवाहित. त्यांच्यातल्या काहींचे माझ्यावर मोठे ऋण आहे, ते पुढे येईलच. पण ज्यांच्या पोटात हे सगळे घडते त्या बायका या ग्रंथांतून उदाहरणापुरत्या येतात. साक्ष द्यायला त्यांना क्वचितच बोलावले जाते. मी मराठी मंडळीत वाढलेली एक आई आहे. पोटातले लेकरू पहिल्या दिवसापासून देवाचे असते, हा माझा विश्वास. तो घेऊनच मी या अभ्यासात आले आणि वाचत गेले तसा तो पक्का होत गेला. त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट मनात ठाम झाली, ती अशी की आईला बाजूला सारून लेकराचे मोल मांडता येत नाही. मंडळीने जेव्हा जेव्हा ते तसे मांडले, तेव्हा लेकराविषयीचा विचारही लंगडा राहिला.

बायबलातून सुरुवात करणारे बहुतेकजण १३९वे स्तोत्र उघडतात, नाहीतर यिर्मयाचा पहिला अध्याय. आपल्याकडे डोहाळजेवणाच्या प्रार्थनेत हीच वचने वाचली जातात आणि ती वाचावीतच. पण एक भक्ताची स्तुती आहे, दुसरी एका संदेष्ट्याच्या पाचारणाची हकीकत. देव माणसाला किती आधीपासून ओळखतो हे ती सांगतात. गर्भ माणूस कधी होतो या प्रश्नाचा निकाल लावायला ती लिहिलेली नाहीत. म्हणून नव्या अभ्यासकाला मी लूकचा पहिला अध्याय आधी वाचायला सांगते. मरीयेला नुकतेच दिवस गेले आहेत. ती घाईने यहूदाच्या डोंगराळ भागात आपल्या नातलग अलीशिबेकडे जाते. अलीशिबेला सहावा महिना सरत आलेला. मरीयेचा आवाज कानी पडताच तिच्या पोटातले बाळ उसळते. येशूचे आगमन सर्वांत आधी कळले ते एका न जन्मलेल्या बाळाला, असे उपदेशात आपण ऐकलेले असते. त्याच अध्यायातली दुसरी गोष्ट मात्र उपदेशातून निसटते. मरीया तिथे तीन महिने राहिली. लग्नाआधी गर्भार राहिलेल्या मुलीला गावात काय ऐकावे लागले असते, हे आपल्या बायकांना समजावून सांगायची गरज नाही. लूकने बाळाचा आनंद आणि त्या मुलीला मिळालेले घर एकाच प्रसंगात सांगितले आहे, आणि या अभ्यासाची सगळी दिशा मला तिथे दिसते.

मंडळी ज्या जगात जन्मली ते जग कसे होते, हे समजायला इजिप्तमध्ये सापडलेले एक पत्र पुरेसे आहे. इसवी सनपूर्व १मध्ये हिलारिऑन नावाच्या एका माणसाने अलेक्झांड्रियाहून आपली बायको अलिस हिला ते धाडले. पत्र प्रेमाचे आहे. लहानग्याला जप, मजुरी हातात पडली की पैसे पाठवतो, मी तुला विसरेन कसा, असे तो लिहितो. आणि त्याच ओघात, बाळंत झालीस आणि मुलगा झाला तर ठेव, मुलगी झाली तर टाकून दे, असेही कळवतो. त्यात राग नाही, क्रूरपणाचा आवही नाही. घरातली रोजची बाब लिहावी तसे लिहिले आहे. या पार्श्वभूमीवर ‘डिडाखे’ हे पहिल्या पिढ्यांतले छोटे शिकवणपुस्तक वाचावे. त्याची प्रत १८७३मध्ये कॉन्स्टँटिनोपलला फिलोथिओस ब्रायेनिओस यांना सापडली. गर्भ पाडणे आणि जन्मलेले मूल मारणे, या दोन्ही गोष्टी त्यात एकाच दमात नाकारल्या आहेत. टाकून दिलेल्या मुली आणि पाडलेले गर्भ त्या लोकांना वेगवेगळे प्रश्न वाटले नाहीत, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

चौथ्या शतकातल्या बेसिलपाशी मात्र थोडे थांबायला हवे. कॅपाडोशियाच्या या बिशपने अँफिलोकियसला लिहिलेल्या एका पत्रात गर्भपाताचा प्रश्न घेतला आहे. गर्भ आकाराला आला होता की नव्हता, याचा कीस आम्ही काढत नाही, असे तो सांगतो. गर्भपाताला तो हत्याच मानतो. पण लगेच पुढे तो लेकराबरोबर त्या बाईचाही विचार करतो, कारण अशा प्रयत्नांत बहुधा बाईही जिवाला मुकते. प्रायश्चित्त आयुष्यभराचे नको, दहा वर्षांचे असावे. आणि त्यातही किती काळ गेला यापेक्षा पश्चात्ताप कसा आहे हे पाहावे, असा त्याचा निर्णय आहे. इतका कठोर आणि इतका कनवाळू परिच्छेद या विषयावर मी दुसरा वाचलेला नाही. त्याची बहीण मॅक्रिना हिने दुष्काळात रस्त्यांवर भटकणाऱ्या मुली उचलून आणल्या आणि वाढवल्या, असे त्यांचा भाऊ ग्रेगरी लिहून ठेवतो. भावाचा नियम आणि बहिणीचे घर एकत्र वाचले की त्या कुटुंबाचा विश्वास पुरता कळतो.

पुढची हजारेक वर्षे पश्चिमेकडचा विचार वेगळ्या वाटेने गेला. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात, पुरुषांच्या मारामारीत गर्भवतीला मार लागला तर काय शिक्षा, असा कायदा आहे. त्याच्या जुन्या ग्रीक पाठात आकाराला आलेला आणि न आलेला गर्भ असा भेद केला आहे. हिब्रू पाठात तो नाही. ऑगस्टिनने हा भेद विचारात घेतला. थॉमस अॅक्विनसने त्याला अॅरिस्टॉटलची जोड दिली, ज्याच्या हिशेबी मुलग्याचा गर्भ चाळीस दिवसांत घडतो, मुलीचा नव्वद. पोप सिक्स्टस पाचवे यांनी १५८८मध्ये हा भेद मोडला, ग्रेगरी चौदावे यांनी १५९१मध्ये तो परत आणला आणि १८६९मध्ये पायस नववे यांनी शिक्षेच्या नियमातून तो काढून टाकला. या इतिहासाचा हवाला देऊन मंडळीला पूर्वी गर्भपात चालत होता, असे काहीजण म्हणतात. ते खरे नाही. सुरुवातीच्या आठवड्यांतल्या गर्भपातालाही भेद मानणारे गंभीर पापच म्हणत. वाद शिक्षेच्या तीव्रतेचा होता. दरम्यान १८२७मध्ये कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांनी सस्तन प्राण्यांचे बीजांड शोधले आणि अॅरिस्टॉटलच्या गर्भशास्त्राचा पायाच हलला.

त्यानंतरचा मोठा बदल ग्लासगोहून आला. १९५८मध्ये इयन डोनल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्वनिलहरींनी पोटातले चित्र दाखवणारा लेख ‘लॅन्सेट’मध्ये छापला. डोनल्ड स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती होते आणि गर्भपाताला त्यांचा विरोध होता. आज सोनोग्राफीहून परतलेल्या सुनेला सासू पहिला प्रश्न विचारते, “हार्टबीट आली का?” काळ्या-करड्या पडद्यावर लुकलुकणारा तो ठिपका मी पाहिला तेव्हा धर्मशास्त्राचा कुठलाही दाखला मला लागला नाही. आणि याच यंत्राने आपल्याकडे पोटातल्या मुली निवडून काढल्या. महाराष्ट्राने त्याविरुद्ध १९८८मध्ये, देशात सर्वांच्या आधी, कायदा केला; केंद्राचा कायदा १९९४चा. तरीही शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे राज्यात २००१ला ९१३ मुली होत्या आणि २०११ला ८९४. हिलारिऑनचे पत्र आपल्याला परके वाटू नये.

मराठी वाचकाला या अभ्यासात स्वतःचे असे बरेच काही सापडेल. १८६३मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. गर्भार विधवेने तिथे गुपचूप येऊन बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे. फुले ख्रिस्ती नव्हते, पण अलीशिबेच्या घराचा अर्थ त्यांना अनेक ख्रिस्ती लोकांपेक्षा चांगला कळला होता. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येबद्दल शिक्षा झाली, तेव्हा ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ (१८८२) लिहिली. सारे बोल बाईला लावून नामानिराळा राहणारा पुरुष त्यांनी पुस्तकभर उजेडात ओढला. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणि तरुण विधवा आणल्या आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन चालवले. मॅक्रिनाविषयी त्यांनी वाचले होते की नाही, हा प्रश्न माझ्या दृष्टीने गौण आहे. दोघींचा प्रभू एकच होता.

१९७१च्या गर्भपात कायद्याशी माझा मतभेद आहे, २०२१च्या दुरुस्तीशीही आहे. पण विरोध करण्याआधी शांतिलाल शहा समितीचा १९६६चा अहवाल वाचावा, असा माझा आग्रह राहील. शहा महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते. चोरून, अडाणी हातांनी पोट पाडून घेताना मरणाऱ्या बायकांची काळजी त्या अहवालामागे आहे, आणि बेसिललाही हीच काळजी होती. नाझी राजवटीत ‘नीतिशास्त्र’ लिहिणारे डीट्रिख बॉनहॉफर यांनी गर्भपाताला हत्या म्हटलेच. मात्र दारिद्र्याने, निराशेने पिचलेल्या बाईच्या हातून तो घडला तर दोष तिच्यापेक्षा समाजाकडे अधिक जातो, हेही त्यांनी सांगितले. “तीन मुली झाल्या, आता क्युरेटिंग करून टाक,” असे सुनेला सांगणारे घर रविवारी आपल्याच बाकावर बसलेले असते. पाळकसाहेबांचा उपदेश त्या घराला कधी उद्देशून असतो का, हे ज्याने त्याने आपल्या मंडळीत पाहावे.

अभ्यासकांनी सर्वांत कमी लक्ष दिले ते आपोआप पडलेल्या गर्भाकडे. माझ्या दोन मुलांच्या मध्ये एक लेकरू तिसऱ्या महिन्यात गेले. आमच्या मंडळीत तीन वह्या आहेत, बाप्तिस्म्याची, लग्नाची आणि दफनाची. तिन्हींत त्याच्यासाठी ओळ नाही. शेजारणी प्रेमानेच म्हणाल्या, “अजून काही झालेच नव्हते, मनाला लावून घेऊ नकोस.” त्या सगळ्या १३९वे स्तोत्र तोंडपाठ म्हणणाऱ्या होत्या. पोटातल्या जिवाविषयीची आपली शिकवण आपण स्वतः किती मनापासून मानतो, याची परीक्षा मला इथे दिसते. ज्याच्या हत्येला आपण पाप म्हणतो, त्याच्या मरणाला आपण मरण म्हणतो का? बाप्तिस्म्याविना गेलेल्या बालकांच्या तारणाच्या आशेविषयी कॅथलिक मंडळीच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्रीय आयोगाने २००७मध्ये सविस्तर निवेदन प्रसिद्ध केले. जिचे लेकरू गेले आहे अशा प्रत्येक आईपर्यंत ते सोप्या मराठीत पोचावे, असे मला फार वाटते.

तर या. धर्मशास्त्राची पदवी असेल तर उत्तम, नसेल तरी अडत नाही. लूक १ आणि निर्गम २१ शेजारी ठेवून वाचा, मग बेसिलचे पत्र, मग ताराबाई आणि रमाबाई. ‘ज्ञानोदय’ १८४२मध्ये अहमदनगरला सुरू झाले. त्याच्या जुन्या अंकांत बाळंतपण, बालविधवा आणि टाकलेली मुले यांविषयी काय छापले गेले, हे वर्षानुवर्षांच्या क्रमाने पाहण्याजोगे आहे. मिरजेत विल्यम वॉन्लेस यांनी १८९४मध्ये सुरू केलेल्या रुग्णालयासारख्या मिशन दवाखान्यांतल्या सुइणींच्या आणि परिचारिकांच्या आठवणी त्यांच्या लेकी-सुनांकडे अजून आहेत. त्या आधी लिहून घ्या. ग्रंथालयातली पुस्तके थांबू शकतात.