चित्रशाळेतून नांगराकडे

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात एक वाक्य आम्ही गेली चाळीस वर्षे ऐकत आलो आहोत : "धंदा करावयास हवा खरा, पण भांडवल कोठून आणावयाचे?" हे बोलून झाले की वडील मंडळी पंक्तीकडे वळतात आणि मुले नोकरीच्या अर्जाकडे. यंदा स्मरणिकेसाठी इतिहासविषयक काही लिहावे अशी संपादकांची आज्ञा झाली, तेव्हा कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या चरित्राच्या आधारे या प्रश्नाकडे पुन्हा एकदा पाहावे असे आम्हांस वाटले. आम्ही कारखानदार नव्हे. जुनी मॅट्रिक होऊन उभा जन्म शाळेत घालविलेले. तेव्हा वाचकांनी आमच्याकडून यंत्रशास्त्राची अपेक्षा धरू नये.

किर्लोस्करांचा नांगर सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्या नांगराच्या मुळाशी चित्रकलेची शाळा आहे, हे थोड्यांच्या ध्यानात असते. २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मलेले लक्ष्मणराव थोरल्या बंधूंच्या पाठिंब्याने मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे असे आढळून आले की, काही रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांस कळत नाही. चित्रकार होऊ इच्छिणाऱ्या तरुणावर याहून मोठा आघात कोणता? पण रंग गेला तरी रेषा हाती राहिली होती. त्यांनी यंत्रांच्या रेखाचित्रणाकडे मोर्चा वळविला आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय ते शिकवू लागले. इकडे बेळगावात बंधू रामूअण्णांसह त्यांनी सायकलींचे दुकान काढले होते. पुढे हक्काची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावास परतले. अपमान पुष्कळांचे होतात. राजीनामे थोडे देतात.

बेळगावात त्यांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र केले व नंतर लोखंडी नांगर. या नांगरापाशी वाचकांनी क्षणभर थांबावे. आपल्याकडील लाकडी नांगर जमीन फाडतो, पण उलथीत नाही. लोखंडी नांगरात फाळामागे पीळ दिल्यासारखा वळविलेला पत्रा असतो. फाळाने कापलेले ढेकूळ त्यावर चढते आणि पालथे पडते. त्यामुळे हरळी-कुंद्याची मुळे उघडी पडून उन्हात वाळतात. सारी करामत त्या बाकात आहे. आधी तो कागदावर उतरावा लागतो, मग सुताराकडून त्याचा लाकडी नमुना करून घ्यावा लागतो, तो नमुना वाळूत दाबून साचा तयार होतो आणि अखेरीस त्यात वितळलेले लोखंड ओततात. म्हणजे भट्टी पेटण्यापूर्वी निम्मे काम पेन्सिलीने झालेले असते.

एवढे करूनही नांगर खपेना. लोखंडाने जमिनीत विष भिनते, असे शेतकरी म्हणत. पहिला नांगर विकला जावयास सुमारे दोन वर्षे लागली. सुशिक्षित मंडळी ही गोष्ट सांगून शेतकऱ्यास हसतात. आम्हांस तसे हसवत नाही. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार बलुत्यावर तो नीट करून देई. लोखंडाचा मोडला तर जावयाचे कोणाकडे? विषाच्या शंकेआड हा व्यवहारी प्रश्नही असावा, असे आमचे मत आहे. एका साच्यातील सर्व फाळ सारखेच निघतात, झिजलेला काढून दुसरा बसविता येतो, ही खात्री शेतात नांगर चालताना पाहिल्यावाचून पटणारी नव्हती.

पुढे बेळगाव नगरपालिकेला शहराच्या वाढीसाठी ती जागा हवी झाली आणि कारखाना उठविण्याची पाळी आली. त्या वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल गावाजवळचा माळ दिला आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. राजे स्वतः चित्रकार होते, हेही येथे नमूद करावयास हवे. १९१० साली निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी वसू लागली. भांडवल आले, नाही असे नाही. पण ते केव्हा आले? नांगर तयार होऊन काही वर्षे लोटल्यावर, आणि ते करणाऱ्याची पत पाहून.

त्या वाडीत अस्पृश्यता पाळावयाची नाही असा लक्ष्मणरावांचा दंडक होता. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत हे लिहिताना आम्हांस थोडा संकोच होतो, म्हणूनच लिहितो. पहिल्या महायुद्धात लोखंडाचा तुटवडा पडला, तेव्हा छत्रपती शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरील जुन्या तोफा वितळविण्यास दिल्या आणि त्यांचे नांगर झाले. १९२० मध्ये कारखान्याचे 'किर्लोस्कर खबर' हे मासिक निघाले. त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर हेही चित्रकलाच शिकलेले!

आता आमचा एक अपराध सांगतो. पस्तीस वर्षांपूर्वी आमच्या वर्गात ज्ञातीतीलच एक मुलगा होता. गणिताच्या वहीत तो बैलगाडीची चाके, मोट, रहाट असे काहीबाही काढीत बसे. आणि माप इतके बिनचूक की आराही कमी-जास्त नसे. आम्ही ती वही फाडली व त्यास बाकावर उभे केले. पुढे त्याच्या वडिलांनी सल्ला विचारला, तेव्हा "कारकुनीची परीक्षा द्यावयास सांगा" असे आम्हीच सांगितले. तो एका कचेरीतून आता निवृत्तीस आला आहे. भेटला की वाकून नमस्कार करतो. वहीचा विषय त्याने कधी काढला नाही. आमच्यानेही काढवला नाही.

आपल्या संस्थेची बक्षिसे गुणपत्रिका पाहून दिली जातात. पुढील वर्षापासून स्वतः वस्तू कल्पून तिचे रेखाचित्र व नमुना करणाऱ्या मुलास अथवा मुलीस एक बक्षीस द्यावे, असा ठराव आम्ही येत्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहोत. त्यासाठी आमच्या निवृत्तिवेतनातून पाच हजार रुपये चिटणिसांकडे जमा केले आहेत. अनुमोदक हवा आहे.