धाव, स्टेपनी आणि समृद्धी

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात रस्त्यावर अपघात झाला की दवाखान्याच्या दारात, चहाच्या टपरीवर आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीत बहुधा एकच वाक्य पहिल्यांदा कानावर येते : ‘टायर फुटला.’ १ जुलै २०२३ च्या पहाटेही ते आले. रात्री दीडच्या सुमारास सिंदखेड राजा तालुक्यातील पिंपळखुटा शिवारात, समृद्धी महामार्गावर, नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस उलटली आणि पेटली. बसमध्ये ३३ जण होते. त्यांपैकी २५ जण गेले. टायर फुटल्यामुळे ताबा सुटला, असे चालकाने सांगितले आणि दिवस उजाडेपर्यंत ते सगळीकडे पोहोचले. मीही तेच ऐकले, तेच दोघा-तिघांना सांगितले.

परिवहन विभागाच्या प्राथमिक अहवालाने मात्र हे कारण नाकारले. घटनास्थळी टायर फुटल्यावर सापडावेत तसे रबराचे तुकडे नव्हते, तशा खुणाही नव्हत्या. बस आधी खांबाला, मग दुभाजकाला धडकली आणि डाव्या कुशीवर पडली. चढण्या-उतरण्याचे दार डावीकडेच असते. ते जमिनीखाली दबले.

त्या बसची चौकशी हा माझा विषय नाही. मला प्रश्न पडला तो वेगळाच. खरेखोटे ठरण्याआधीच आपण सगळ्यांनी टायरचे कारण इतक्या सहज का मानून घेतले? वीज पडली, पूर आला, तसा ‘टायर फुटला’. ज्याला कोणी जबाबदार नाही अशा संकटांच्या यादीत चाक कधी जाऊन बसले? याचे उत्तर शोधताना मला बरेच मागे, बैलगाडीच्या चाकापर्यंत जावे लागले.

बैलगाडीच्या चाकाची भाषा आता आमच्या घरातही कोणाला येत नाही. मधला गोल तो तुंबा, त्यातून निघणारे आरे, आऱ्यांवर बसवलेली लाकडी पुठ्ठ्यांची कड आणि त्या कडेवर चढवलेली लोखंडी पट्टी म्हणजे धाव. टायरला मराठीत शब्द नाही असे म्हणणाऱ्यांनी हा शब्द आठवावा. धाव बसवणे हे सुतार आणि लोहार या दोघांचे मिळून काम. लोखंडी कडे चाकापेक्षा किंचित लहान घडवायचे, गोवऱ्यांच्या आगीत लाल करायचे, फुगले की चाकावर चढवायचे आणि लगेच पाणी ओतायचे. आकसताना ते सगळे सांधे आवळून धरते. उन्हाळ्यात लाकूड सुकले की हीच धाव ढिली होई. मग चाक नदीच्या डोहात किंवा हौदात भिजत ठेवायचे, नाहीतर पाचर मारायची.

गाडी जुंपण्याआधी आजोबा चाकाला हात लावून ते हलवून पाहत, आसाच्या टोकाची खीळ चाचपत. गाडीला वंगणाचा नळा टांगलेला असे. एरंडेल आणि जळक्या चिंध्यांची काजळी यांचे ते काळे लोणी. आस करकरू लागला की बैलांना ओढ जास्त पडते, तुंबा झिजतो. करकरणारी गाडी घेऊन गावातून जाणे म्हणजे स्वतःचा आळस वाजवत जाणे. खीळ निसटून चाक निखळले तर त्याला कोणी दैव म्हणत नसे. ‘निघताना पाहिलं नव्हतं का?’ हा पहिला प्रश्न असे.

हे ज्ञान किती मोठ्या व्यवहाराचा आधार होते हे खामगावकडे पाहिले की कळते. वऱ्हाडच्या कापसाची ही मोठी बाजारपेठ. १८७० मध्ये जलंब–खामगाव हा रेल्वेचा फाटा सुरू झाला तो या कापसासाठीच. पण रेल्वे खामगावपर्यंत. तिथवर कापूस यायचा तो गाड्यांनी. आमचा जिल्हा आजही बोलण्यात ‘घाटावरचा’ आणि ‘घाटाखालचा’ असा विभागलेला आहे. चिखली-मेहकरकडून घाट उतरून जाणाऱ्या भरल्या गाडीचे चाक म्हणजे माणसांचा आणि बैलांचा जीव. तासाला कोस-सव्वा कोस चालणाऱ्या त्या गाडीला दर मुक्कामाला पाहणारा डोळा होता. थांबणे हा प्रवासाचाच भाग होता.

रबरी चाकाची गोष्ट दूर सुरू होते. रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी हवा भरलेल्या चाकाचे पेटंट १८४५ मध्येच घेतले होते. पण ते विस्मरणात गेले. १८८८ मध्ये बेलफास्टमधले पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हाच शोध पुन्हा लावला. १९३६ मध्ये बंगालमधील साहागंज येथे डनलॉपचा कारखाना उभा राहिला. पुढे बैलगाडीलाही रबरी टायर आले तेव्हा अनेक ठिकाणी तिचे नावच ‘डनलॉप गाडी’ पडले. बैलांचा भार हलका झाला, धाव गेली, वंगणाचा नळा गेला. पण एक नवी गोष्ट आली. लोखंडी धाव ढिली झाली की खडखडे, आस कोरडा पडला की करकरे. हवा कमी झालेला टायर मात्र काही बोलत नाही.

मोटारीच्या पहिल्या काळात पंक्चर झाले की रस्त्यावरच टायर उचकटायचा, ट्यूब काढायची, चिकटवायची, पुन्हा हवा भरायची. जादा चाक नसेच. यावर तोडगा काढला तो वेल्समधील लानेली या गावच्या टॉमस मॉरिस डेव्हिस आणि वॉल्टर डेव्हिस या भावांनी. १९०४ च्या सुमारास त्यांनी आरे नसलेले, हवा भरलेला टायर चढवलेले एक कडे तयार केले. पंक्चर झालेल्या चाकाला ते बाहेरून शिकंजांनी जखडायचे आणि पुढे निघायचे. त्यांचे दुकान ज्या रस्त्यावर होते त्याचे नाव स्टेपनी स्ट्रीट. त्यावरून हे चाक ‘स्टेपनी’ झाले. खुद्द इंग्लंडात हा शब्द आता मागे पडला आहे. भारतात, माल्टात आणि ‘एस्टेपे’ या रूपात ब्राझीलमध्ये तो जिवंत आहे. मेहकरच्या फाट्यावरचा पोरगा ‘स्टेपनी काढा’ म्हणतो तेव्हा त्याच्या तोंडी वेल्समधल्या एका गल्लीचे नाव असते.

स्टेपनीने मोठी सोय केली आणि एक सवय लावली. चाकात बिघाड झाला तर बदलता येईल, या भरवशावर ते आधी पाहण्याची गरज मनातून उतरली. तरी बराच काळ पाहणारा कोणीतरी होता. १९४८ मध्ये पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. वऱ्हाड मुंबई राज्यात आले ते १९५६ मध्ये. आमच्या जिल्ह्यात आज बुलढाणा, चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूर, जळगाव जामोद आणि शेगाव असे सात आगार आहेत. एसटीच्या व्यवस्थेत आगार, विभागीय कार्यशाळा आणि टायर पुन्हा चढवण्याचे स्वतःचे कारखाने अशी उतरंड आहे. म्हणजे चाक पाहणे हे कोणाच्या तरी नेमून दिलेल्या कामात बसते. ट्रकवर हे काम क्लीनरचे. ट्रक थांबला की तो लोखंडी पहार घेऊन एकेक टायर ठोकत फिरतो. भरलेला टायर टणत्कारतो, बसलेला ‘धप्’ करतो. मागच्या जोडचाकांतला आतला टायर डोळ्यांना दिसत नाही, तो असा कानाने पाहायचा. ही युक्ती खरी आहे, पण अपुरी. टायर पुरता बसला असेल तर ठोकून कळते. हवा पंधरा-वीस टक्क्यांनी कमी असेल तर कळत नाही. ते फक्त मापकावर दिसते.

आणि धोका नेमका तिथेच आहे. टायर बहुधा खिळ्याने फुटत नाही. खिळ्याने हवा हळूहळू जाते. टायर फुटतो तो बऱ्याचदा उष्णतेने. हवा कमी असली, किंवा ओझे जास्त असले, की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते आणि सरळ होते. ताशी १२० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या छोट्या मोटारीचे चाक सेकंदाला सुमारे सतरा वेळा फिरते. तार वाकवत राहिले की ती जशी तापते आणि तुटते, तसे आतले थर तापतात आणि सुटतात. लोक ‘सिमेंटच्या रस्त्यामुळे टायर फुटतात’ म्हणतात. तापलेला रस्ता भर घालतो हे खरे. पण मुख्य चूल टायरच्या आतच पेटलेली असते आणि तिला सरपण आपण घरून निघतानाच घातलेले असते.

जुन्या नागपूर–जालना रस्त्यावर ही चूल मधूनमधून विझत असे. मेहकरला चहा, सिंदखेड राजाला जिजाऊंच्या वाड्यापाशी दोन मिनिटे, मध्ये गाव, गतिरोधक, गुरे. वैतागायचो आपण, पण चाक निवत असे आणि पंक्चरचे दुकान दर दहा-पंधरा किलोमीटरवर असे. तिथे पाण्याची टाकी, तिच्यात बुडवलेली ट्यूब, बुडबुडा दिसला की काडीने केलेली खूण. अशी कितीतरी दुकाने केरळहून आलेल्या माणसांनी थाटली आणि चालवली. समृद्धीचा नागपूर–शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरचा सगळा मार्ग पूर्ण झाला. लोणार, मेहकर, सिंदखेड राजा या आमच्या भागातून तो जातो. पण गावांना स्पर्श न करता. थांबणे हा प्रवासाचा भाग उरला नाही. उलट, तिथे थांबणे हाच धोका झाला.

म्हणून चाक बदलण्याचे जुने शहाणपणही तिथे नव्याने शिकावे लागते. धावत्या गाडीचा टायर गेला तर ब्रेक दाबायचा नाही. सुकाणू दोन्ही हातांनी घट्ट धरायचे, पाय उचलायचा, वेग आपोआप पडू द्यायचा आणि मग डावीकडच्या कडेच्या पट्ट्यावर, शक्य तितके बाहेर, सपाट जागी यायचे. धोक्याचे दिवे लावायचे. प्रवाशांनी डावीकडून उतरून कठड्यापलीकडे जायचे. गाडीत किंवा गाडीमागे थांबायचे नाही. ताशी १२० ने येणारी गाडी सेकंदाला ३३ मीटर कापते. चकाकणारा त्रिकोण पन्नास मीटरवर ठेवला तर मागच्याला जेमतेम दीड सेकंद मिळतो. तो बराच मागे हवा, आणि ठेवायला जातानाही कठड्याबाहेरून चालायचे. उजवीकडचे चाक वाहतुकीच्या बाजूला असेल तर ते स्वतः बदलायचेच नाही, मदत बोलवायची. डाव्या चाकासाठीही क्रम ठरलेला आहे : हातब्रेक, समोरच्या कोपऱ्यातील चाकाला दगड, चाक जमिनीवर असतानाच नट ढिले करणे, मग जॅक. नट आवळायचे ते समोरासमोरचे, एकाआड एक. गाडी खाली घेऊन पुन्हा एकदा पक्के. पन्नासेक किलोमीटरनंतर आणखी एकदा. जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. आणि निघताना दगड उचलायचे. आमच्या रस्त्यांवर मागे ठेवलेले हे दगड आणि झाडाच्या फांद्या रात्री येणाऱ्या दुचाकीची वाट पाहत असतात.

पण हा सगळा नंतरचा उपाय. आधीचा उपाय अगदी साधा आहे. गाडी थंड असताना हवा मापायची. आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा पुस्तिकेत छापलेला असतो. मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी खोल उरली की कायद्याने तो टायर बाद. खाचांच्या तळाशी त्यासाठीच छोटे उंचवटे असतात. रबर त्यांच्या पातळीला आले की संपले. टायरच्या अंगावर चार आकड्यांची जन्मपत्रिका असते : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारे होते.

२०२० मध्ये केंद्र सरकारने नियमांत दुरुस्ती केली. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असलेल्या प्रवासी मोटारींना जादा चाक बाळगण्याची सक्ती राहिली नाही. लानेलीच्या भावांची स्टेपनी शंभर वर्षांनी ऐच्छिक झाली. मला या बदलात एक जुनी ओळख दिसली. हवा कमी झाली की डोळ्यांसमोर दिवा लागणार, म्हणजे मुक्या टायरला पुन्हा करकरता येऊ लागले. आता ऐकणारा हवा.

‘टायर फुटला’ या वाक्याला आपण इतके पटकन का शरण जातो, याचे मला सापडलेले उत्तर एवढेच आहे : चाकाकडे पाहण्याचे काम आपण आधी क्लीनरला, मग दुकानाला, मग कोणालाच दिले नाही, आणि जे कोणाचेच काम नाही ते दैवाचे ठरते. पिंपळखुट्याला २५ माणसे गेली. त्या रात्री टायर दोषी नव्हता, असे अहवाल सांगतो. पण आपण त्याच्यावर विसंबून बाकीचे प्रश्न विचारायचे थांबलो असतो.

हा लेख लिहून झाल्यावर मी मेहकरच्या फाट्यावर गाडी उभी केली आणि डिकीतली स्टेपनी काढून घेतली. दुकानातल्या पोराने मापक लावला आणि माझ्याकडे पाहिले. “काका, इच्यात हवाच नाही ना! कधी पाह्यली होती?” टायरवर आकडे होते १११५. दहा वर्षांत मी ती एकदाही पाहिली नव्हती.