निळा घोडा आणि पुलाचा बळी

माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत नोकरी करतो. मागे एकदा दिवाळीला तो गावी आला, तेव्हा फराळाला आमच्याकडेही आला होता. चकलीचा तुकडा मोडता मोडता त्याने एक छायाचित्र माझ्यापुढे धरले. उजाड माळावर मागच्या पायांवर उभा राहिलेला एक प्रचंड निळा घोडा. अंगावरच्या शिरा तटतटलेल्या आणि डोळे निखाऱ्यासारखे लाल.

"गुरुजी, हा डेन्व्हरच्या विमानतळाचा राखणदार," तो म्हणाला. "ज्याने घडविला त्याचाच याने जीव घेतला. आणि त्या विमानतळाच्या पोटात काय काय आहे म्हणतात, ठाऊक आहे?"

मग त्याने जे सांगितले ते ऐकायला घरातली सारी मंडळी हातातले काम टाकून भोवती जमली. जमिनीखाली बोगद्यांचे जाळे आहे. प्रलयाच्या दिवशी जगातले मोजके धनिक तेथे लपणार आहेत. सरड्याच्या कातडीची माणसे तेथे वावरतात. कोनशिलेवर एका गुप्त मंडळाची खूण कोरलेली आहे. भिंतींवर पुढच्या संहाराची चित्रे आधीच काढून ठेवली होती. आणि आकाशातून पाहिले तर धावपट्ट्यांचा आकार हिटलरच्या चिन्हासारखा दिसतो! सांगणारा हसत होता. पण आमच्या सौभाग्यवतींनी हळूच विचारले, "यातले खरे किती हो?"

मी कादंबऱ्या लिहितो. म्हणजे खोटे खरे वाटावे यासाठी खटपट करणे हा माझा जोडधंदाच. त्यामुळे या प्रश्नाने मला स्वस्थ बसू दिले नाही. शोध घेता घेता जे हाती आले ते वाचकांपुढे मांडतो. शेवटी माझ्या शाळेतली एक गोष्टही सांगावयाची आहे. ती मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

डेन्व्हर हे कोलोरॅडो राज्याच्या राजधानीचे शहर. पश्चिमेला रॉकी पर्वताच्या बर्फाच्छादित रांगा आणि पूर्वेला नजर पोहोचेल तेथवर सपाट माळ. शहराचा जुना विमानतळ, स्टेपलटन, १९२९ साली सुरू झाला. तेव्हा तो गावाच्या कडेला होता. पुढे गावच त्याच्या अंगावर आले. विमानांच्या आवाजाने रहिवासी हैराण झाले. शिवाय धावपट्ट्या इतक्या जवळजवळ होत्या की खराब हवेत दोन समांतर पट्ट्यांवर एकाच वेळी विमाने उतरविता येत नसत. डेन्व्हरला खोळंबा झाला की त्याचे हिसके दूरदूरच्या शहरांना बसत. म्हणून १९८९ साली नागरिकांनी मतदान करून नव्या विमानतळाला संमती दिली. शहराच्या ईशान्येला, सुमारे ४० किलोमीटरवर, माळरानात जागा घेतली गेली. तीही थोडीथोडकी नव्हे, तर सुमारे १३६ चौरस किलोमीटर. न्यूयॉर्कचे मॅनहॅटन बेट तिच्यात दोनदा मावेल. एवढा विस्तीर्ण विमानतळ अमेरिकेत दुसरा नाही.

पहिला संशय येथेच रुजला. चालता विमानतळ असताना इतक्या दूर, इतकी जमीन कशाला? आणि जे पुढे घडले त्याने या संशयाला भरपूर खतपाणी मिळाले.

विमानतळ ऑक्टोबर १९९३ मध्ये उघडावयाचा होता. तो उघडला २८ फेब्रुवारी १९९५ रोजी. तब्बल सोळा महिन्यांच्या या विलंबाचे मोठे कारण म्हणजे प्रवाशांच्या पेट्या. पेट्या हमालांनी वा ट्रॅक्टरने न नेता, जमिनीखालच्या बोगद्यांतून रुळांवर धावणाऱ्या हजारो छोट्या गाड्यांनी न्याव्यात आणि त्या साऱ्या गाड्या गणकयंत्राने हाकाव्यात, अशी ती योजना होती. १९९४ साली वार्ताहरांना बोलावून तिचे प्रात्यक्षिक दाखविण्यात आले. गाड्या एकमेकींवर आदळल्या, पेट्या उडाल्या, फुटल्या आणि आतले कपडे रुळांवर विखुरले. लग्नाला जमलेल्या वऱ्हाडापुढे मांडव कोसळावा, तशी गत झाली.

इकडे इमारत उभी होती, दिवे लागत होते, पण प्रवासी नव्हता. आणि रिकाम्या विमानतळापायी दररोज सुमारे दहा लाख डॉलर खर्ची पडत होते. अखेर पेट्या वाहण्याची जुन्या पद्धतीची दुसरी व्यवस्था घाईघाईने बांधून घेतली आणि दारे उघडली. एकूण खर्च गेला सुमारे ४८० कोटी डॉलरवर, म्हणजे अंदाजापेक्षा सुमारे २०० कोटींनी जास्त. ती गाजलेली यंत्रणा पुढे एकाच विमानकंपनीपुरती अर्धीमुर्धी चालली आणि २००५ साली तीही बंद झाली. पैसा जमिनीत गेला, असे लोक म्हणत ते अक्षरशः खरे होते. बोगदेही खरे होते. फक्त त्यांत सरडे नव्हते, रूळ होते.

आता एकेक खूण पाहू.

कोनशिला १९ मार्च १९९४ रोजी बसविली. तिच्यावर गवंड्याचा गुण्या आणि कंपास कोरलेला आहे. ही फ्रीमेसन मंडळींची खूण. सार्वजनिक इमारतींची कोनशिला त्यांच्या हस्ते बसविण्याची चाल अमेरिकेत जुनी आहे. वॉशिंग्टन येथील संसदभवनाची कोनशिला खुद्द जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९३ साली याच विधीने बसविली होती. डेन्व्हरच्या शिळेखाली २०९४ साली उघडावयाची एक कालकुपी आहे, आणि शिळेवर 'न्यू वर्ल्ड एअरपोर्ट कमिशन' असे नाव आहे. 'नवे जग' हे शब्द दिसताच संशयखोरांना जगावर राज्य करू पाहणारे गुप्त मंडळ दिसू लागले. वस्तुतः ती उद्घाटनाचे सोहळे पार पाडण्यासाठी जमलेली स्थानिक व्यापारी मंडळींची समिती होती. आपल्याकडे जत्रेपुरती कमिटी असते ना, तशी.

धावपट्ट्या भिरभिऱ्याच्या पात्यांसारख्या मांडल्या आहेत. वारा कोणत्याही दिशेचा असो, एका विमानाची वाट दुसऱ्याने अडवू नये हा त्यातला हेतू. पण ती आकृती पाहून तिकडच्या माणसाला छळछावण्या आठवतात, आणि ते स्वाभाविकही आहे. आमच्या घरी मात्र तिच्याशी मिळतीजुळती आकृती गृहिणी दिवाळीच्या पहाटे उंबऱ्यापाशी रांगोळीने काढते आणि वर हळदकुंकू वाहते. तेव्हा भीती आकृतीत असते की पाहणाऱ्याच्या आठवणीत?

हाच प्रश्न भित्तिचित्रांनी अधिक करुण केला आहे. ती काढणारे लिओ टँगुमा हे टेक्ससमधल्या शेतमजुराच्या घरी जन्मलेले, मेक्सिकन वंशाचे चित्रकार. त्यांच्या चित्रमालिकेचे नाव आहे, 'जगातील मुले शांतीचे स्वप्न पाहतात'. एका चित्रात विषारी वायूचा मुखवटा घातलेला सैनिक तलवारीने शांतीच्या कबुतराला भोसकतो आहे. त्याच्या बाजूने मेलेली बाळे छातीशी धरलेल्या आयांची रांग गेली आहे. जोडीच्या चित्रात तोच सैनिक मरून पडला आहे, आणि देशोदेशीची मुले आपापल्या तलवारी आणून ऐरणीवर मोडून घेत आहेत. दोन्ही चित्रे मिळून एक कथा होते. पण धावत्या प्रवाशाने पहिले पाहिले, दुसरे पाहिले नाही. आणि शांतीची विनवणी करणाऱ्या चित्रकारावर संहाराचा आराखडा रेखाटल्याचा आळ आला. माझ्या कादंबरीचे पहिलेच प्रकरण वाचून कोणी मला खुनी ठरवावे, तसे हे झाले.

आणि तो घोडा? तो लुईस हिमेनेझ या शिल्पकाराचा. उंची ३२ फूट, वजन सुमारे चार हजार किलो. जून २००६ मध्ये न्यू मेक्सिकोतील त्यांच्या कामशाळेत पुतळ्याचा एक भाग त्यांच्या अंगावर कोसळला, पायाची धमनी तुटली आणि त्यातच त्यांचा अंत झाला. अपुरे राहिलेले काम मागे राहिलेल्यांनी पुरे केले आणि २००८ साली घोडा माळावर उभा राहिला. त्याच्या लाल डोळ्यांना लोक सैतानी म्हणतात. हिमेनेझ यांच्या वडिलांचा निऑनच्या पाट्या बनविण्याचा कारखाना होता. मुलगा त्याच उजेडात वाढला. वडिलांची आठवण म्हणून त्याने घोड्याच्या डोळ्यांत तो दिवा ठेवला. एका लेकाने बापाला लावलेली ती पणती आहे. हे कळल्यापासून मला ते डोळे भयंकर वाटेनासे झाले आहेत.

एवढे सारे सरळ असताना कंड्या का थांबल्या नाहीत? माझ्या मते, कारण त्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न खरा होता. काहीतरी बिनसले आहे, आपला पैसा कोठेतरी गडप होतो आहे, हे लोकांना जाणवत होते. त्याचे उत्तर रुक्ष होते: चुकलेले अंदाज, घाई, न चालणारे यंत्र. अशा उत्तरात खलनायक नसतो, आणि खलनायकावाचून माणसाचे समाधान होत नाही.

काही वर्षे विमानतळाचे अधिकारी या गप्पा खोडून काढीत. पुढे त्यांनी धोरण बदलले. २०१६च्या ऑक्टोबरात त्यांनी स्वतःच या कंड्यांचे प्रदर्शन भरविले. २०१८ साली मुख्य दालनाची मोडतोड सुरू झाली, भित्तिचित्रे उतरवून ठेवली गेली, आणि प्रवाशांसमोर जे फळ्यांचे कुंपण आले त्यावर सरडेमाणसे व गुप्त मंडळांच्या विनोदी जाहिराती झळकल्या. पुढच्या वर्षी तर प्रवाशांशी थट्टा करणारे एक बोलके यांत्रिक राक्षसतोंड आणून बसविले. लोक खूष झाले, विमानतळाचे नाव जगभर झाले. २०२४ साली आठ कोटींहून अधिक प्रवासी तेथून गेले.

मात्र त्याच कुंपणामागे काँक्रीटच्या मजबुतीवरून वाद माजला होता, काम रखडले होते, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये विमानतळाने ठेकेदाराशी केलेला करारच मोडला. ही बातमी लपलेली नव्हती; वर्तमानपत्रांत येतच होती. पण सरड्यांचे चित्र पाहून हसणाऱ्या किती प्रवाशांनी ती वाचली असेल? विनोद चांगला होता. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण हसणे म्हणजे उत्तर नव्हे, हे मला एका माउलीने शिकविले आहे. तीच ती शाळेतली गोष्ट.

वीसएक वर्षांपूर्वी मी एका नदीकाठच्या गावी नवा मास्तर होतो. नदीवर पुलाचे काम चालले होते. पुलाला बळी लागतो, पायात मूल पुरल्याशिवाय खांब टिकत नाही, ही समजूत आपल्याकडे किती जुनी आहे ते सांगावयास नको. तीच कंडी गावात उठली. एके दिवशी एक मोलकरीण बाई शाळेच्या दारात येऊन उभी राहिली. पदर सावरीत म्हणाली, "गुरुजी, पुलाला पोर लागतंय म्हणत्यात. माझा पोरगा त्याच वाटेनं येतो. काय करू?"

आम्ही तिघे मास्तर खोलीत बसलो होतो. आम्ही हसलो. मी तर म्हणालो, "बाई, तुमचा पोरगा पाढे म्हणत नाही, त्याला घेऊन पूल काय करणार?" पुन्हा हशा झाला. बाईही कसनुशी हसली आणि गेली. दुसऱ्या दिवसापासून मुलगा शाळेत आला नाही.

आठवड्याभराने मी त्या वाटेने गेलो. खांबांसाठी खणलेले खड्डे पावसाच्या पाण्याने काठोकाठ भरले होते. भोवती दोरी नव्हती, पाटी नव्हती. निसरड्या काठावरून पोरे दप्तरे घेऊन चालत होती. तो पूल मूल मागत होता, हे त्या बाईने बरोबर ओळखले होते. कारण तेवढे तिने चुकीचे ऐकले होते. शिकलेला मी, खड्डा बघणे माझे काम होते.

त्या दिवशी मी मुकादमाला गाठून कुंपण घालून घेतले आणि बाईच्या घरी गेलो. दाराला कुलूप होते. ती मंडळी ऊसतोडीला गेली होती. तो मुलगा पुन्हा माझ्या वर्गात बसला नाही.

आता कोणी मला सरड्यांविषयी, बोगद्यांविषयी, पुलाच्या बळीविषयी विचारले, की मी हसू आवरतो. "हे तुला कोठे आणि कशावरून वाटले?" असे आधी विचारतो. सौभाग्यवतींनाही मी असेच उत्तर दिले: सरडे खोटे, बोगदे खरे, आणि बुडालेले पैसे तर अगदी खरे. त्या म्हणाल्या, "मग लोक अगदीच वेडे नव्हते म्हणायचे." आणि फराळाची रिकामी ताटे उचलून त्या आत गेल्या.