मोरे आडनावाची माणसे आणि दिंडीची वही

दिंडीला शंभर वर्षे झाली म्हणून हा अंक निघतो आहे. मंडळींनी आमच्याकडे काम दिले ते असे, की आपल्या दिंडीत मोरे आडनावाचे लोक फार, तवा मोऱ्यांचा इतिहास तुम्ही लिहा. आम्ही चौथी शिकलेलो. शेती आणि कीर्तन ह्या दोनच गोष्टी जमतात. पण आम्ही स्वतः मोरेच, आणि दिंडीच्या जुन्या वह्या आमच्या घरच्या ट्रंकेत आहेत, म्हणून नाही म्हणता आले नाही. दोन उन्हाळे, रान रिकामे असते त्या दिवसांत, कागद बघत आणि म्हाताऱ्या माणसांना विचारत हिंडलो. हाती आले ते मांडतो.

कोणताही मोरे भेटला आणि त्याला मूळ विचारले, की तो दोनपैकी एक गोष्ट सांगतो. एक तर आम्ही जावळीच्या चंद्ररावांचे, नाहीतर आम्ही तुकोबारायांच्या कुळातले. तिसरा मोरे आम्हाला अजून भेटायचा आहे.

जावळी आपल्याच सातारा जिल्ह्यातली. चंद्रराव हे काही पाळण्यातले नाव नव्हे, तो किताब. आदिलशाहीत जावळीच्या गादीवर जो मोरे बसेल त्याने तो लावायचा. 1656 च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी जावळी घेतली. तिथला चंद्रराव रायरीच्या किल्ल्यावर गेला, ती रायरीही महाराजांनी घेतली, आणि पुढे तिचाच रायगड झाला. जावळीचे राज्य मोडले तेव्हा तिथले मोरे चौफेर पांगले, असे आपल्याकडे सांगतात. मग कृष्णाकाठच्या गावागावात जो मोरे दिसतो तो म्हणतो, त्या पांगलेल्यातले आम्ही. म्हणायला सोपे आहे. दाखवायला कागद लागतो.

देहूची गोष्ट वेगळी. तुकोबारायांचे कूळ मोरे, आणि आंबिले हेही त्यांचे आडनाव सांगतात. मूळ पुरुष विश्वंभरबाबा, आणि त्यांच्यापासून मोजले तर तुकोबाराय आठव्या पिढीत येतात. वडील बोल्होबा, आई कनकाई, थोरले भाऊ सावजी, धाकटे कान्होबा. घरी महाजनकी आणि सावकारी. एवढी पिढीवार नावे आपल्याला तोंडपाठ आहेत, कारण संताचे घर म्हणून लोकांनी ती जपली. पण पुढे बघा काय होते. देहूत राहिलेले तुकोबांचे वंशज आज मोरे लावतात, आणि पंढरपुरात जाऊन राहिलेले देहूकर झाले. घर एक, आडनावे दोन.

वारकऱ्यांना हे नवीन नाही. माउलींच्या पालखीचा आजचा थाट ज्यांनी घालून दिला ते हैबतबाबा मूळचे पवार. ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे चाकरीला होते. गाव सातारजवळचे आरफळ, म्हणून आरफळकर झाले. नामदेवरायांचे आडनाव रेळेकर म्हणतात, आणि त्यांचे वंशज आज नामदास आहेत. पैठणला नाथांचे वंशज गोसावी लावतात. गाव सोडले की आडनाव बदलते, आणि कधी भक्ती केली तरी बदलते. मग उलटेही खरेच असणार. एका कुळाला जर दोन आडनावे होतात, तर एका आडनावाखाली दोन काय, दहा कुळेही असतील. हे मनात धरून आम्ही गावचे मोरे बघायला लागलो.

जुन्या कागदात आडनाव सापडेल ह्या आशेने जाल तर निराश व्हाल. तिथे माणूस असा लिहितात: अमुक बिन तमुक, मौजे अमुक. बिन म्हणजे मुलगा. बाई असेल तर अमकी कोम तमका, म्हणजे त्याची बायको. आडनाव कधी असते, पुष्कळदा नसते. म्हणून नुसते आडनाव धरून शोधले तर हाती वारा येतो. नाव, बापाचे नाव आणि गाव ही तीन धरली तर माणूस सापडतो. नाशिक-त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यांच्या वह्या आहेत, तिथेही आधी गाव विचारतात, मग आडनाव. आपला आजा-पणजा कधी विधीला गेला असेल तर तो कुणाबरोबर गेला, मुले किती, हे त्याच्या सहीखाली किंवा अंगठ्याखाली निघते.

आणखी तीन ठिकाणी आम्ही शोधले. एक हेळवी. आपल्या दक्षिण भागात हा माणूस पूर्वी बैलावर बसून यायचा, आता मोटारसायकलवर येतो. घराच्या पुढे बसून वही उघडतो आणि पिढ्या वाचतो. दुसरे तहसिलातले कागद: जुने फेरफार, आणि कोतवाल बुक, ज्यात जन्ममृत्यू लिहीत. 2023 सालापासून कुणबी नोंदी शोधायचे काम निघाले, तवापासून लोकांनी माळ्यावरच्या पेट्या उघडल्या आणि मोडी वाचणाऱ्याला भाव आला. आमचे काम त्यामुळे सोपे झाले. तिसरी वस्तू म्हणजे रान. पूर्वी गावात मिरासदार आणि उपरी असे दोन तऱ्हेचे शेतकरी असत. मिरासदाराची जमीन वंशाची, उपरी बाहेरून येऊन कसणारा. एखादे मिरासदार कूळ बुडाले की त्याच्या जमिनीला गतकूळ म्हणत. माणसे गेली तरी रानाला त्यांचेच नाव राहायचे. आमच्या शिवारात 'मोऱ्याचे थळ' म्हणून तुकडा आहे, आणि आज तो कसणारा एकही माणूस मोरे नाही.

कागदाच्याही आधी एक कसोटी आहे ती आपल्या बायका-माणसांना बरोबर माहीत असते. मेल्यावर सुतक कोण पाळतो? लग्नात देवक कोणते पुजतात? कुळाचा देव कोणता आणि त्याच्या जत्रेला कुठे जातात? ही तीन उत्तरे जुळली तर भावकी. नाही जुळली तर आडनाव एक असून घरे निराळी.

ह्या सगळ्यातून गावात मोऱ्यांची तीन घरे निघाली.

पहिले वरच्या आळीचे. हे स्वतःला जावळीचे म्हणवतात. हेळव्याने वही वाचली ती अशी, की मूळ पुरुष दुष्काळात एक बैल आणि दोन लेकरे घेऊन पूर्वेकडून आला आणि गावात उपरी म्हणून राहिला. वरच्या आळीतल्या थोरल्या आबांना ते रुचले नाही. हेळव्याला धान्य न देताच उठून गेले. आम्ही त्यांना म्हणालो, आबा, तुकोबारायांनी दुष्काळात बायको आणि मूल गमावले, त्यांना कुणी हलके म्हटले का? दुष्काळात लेकरे जगवून आणली हा काय कमी पराक्रम? दुसऱ्या दिवशी आबांनी हेळव्याच्या घरी पायलीभर ज्वारी पाठवली.

दुसरे मळ्यातले मोरे, म्हणजे आम्ही. आमच्या पणजोबांच्या बापाच्या नावावर जो फेरफार आहे त्यात लिहिले आहे, की मयताला मुलगा नसल्याने मुलीचा मुलगा दत्तक. म्हणजे आम्ही मोऱ्यांच्या लेकीचा वंश. रक्त जावयाकडचे आणि आडनाव आजोळचे. घर जिने राखले त्या बाईचे नाव कागदात नाही. 'मुलगी' एवढाच शब्द आहे. आमच्यात वरच्या आळीचे सुतक का धरत नाहीत ते तेव्हा कळले.

तिसरे घर ओढ्याच्या पलीकडचे, जुन्या महारवाड्यातले मोरे. गावातल्या कुठल्याही मोऱ्यापेक्षा त्यांचा कागद पक्का निघाला. कारण त्यांचे वतन होते. वतनात कुणाची पाळी, कुणाचा किती हिस्सा, हाडकी-हाडोळ्याची जमीन कुणाकडे, ह्यासाठी सरकारला त्यांची वंशावळ लिहून ठेवावीच लागे. हे वतन म्हणजे गावाची राबणूक होती. ते मोडावे म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कौन्सिलात बिल आणले होते. 1958 च्या कायद्याने शेवटी ही वतने गेली. ज्या कागदाने त्यांना बांधून ठेवले, त्याच कागदात त्यांच्या पाच पिढ्या नावानिशी आहेत.

आता दिंडीच्या वहीकडे येतो. वहीत पहिल्या पानांवर वीणेकरी, चोपदार, पखवाजी, टाळकरी अशी नावे आडनावासकट आहेत. वर्गणी, ज्वारी, डाळ, गूळ, सगळा हिशोब आहे. शेवटच्या पानावर वेगळे लिहिले आहे: 'पुढे चालणारी मंडळी, असामी सात.' खाली सात नावे आणि बापाची नावे. आडनाव एकालाही नाही. प्रत्येकापुढे 'कोरडा शिधा' असे आहे, म्हणजे ते आपल्या पंगतीत नव्हते, आपले आपण शिजवून खात. हे पान 1947 च्या आधीचे. त्या सालच्या मे महिन्यात साने गुरुजींनी उपोषण केले आणि पंढरपूरचे देऊळ सगळ्यांना उघडले. त्याच्या आधी हे सात जण आळंदीपासून पंढरपूरपर्यंत चालत, लोणंद-फलटणचे ऊन आणि पाऊस सगळ्यांसारखाच अंगावर घेत, आणि महाद्वारापाशी चोखोबांच्या समाधीजवळ थांबत. तिथून कळस बघायचा आणि माघारी फिरायचे.

ती सात नावे आम्ही वतनाच्या वंशावळीशी ताडून पाहिली. नाव आणि बापाचे नाव, दोन्ही जुळली तरच धरले. पाच जुळली. ते पाचही मोरे.

ह्यावर मंडळींत बोलणे झाले. काही जण म्हणाले, ती घरे आता बौद्ध झाली, माळ घालत नाहीत, वारीला येत नाहीत, मग त्यांची नावे अंकात कशाला? आम्ही त्या घरातल्या एका नातवाला जाऊन भेटलो. तो शहरात नोकरीला आहे. त्याला म्हटले, तुमच्या आज्याचे नाव छापले तर चालेल का? तो म्हणाला, "आम्ही वारीला येणार नाही, ते आधीच सांगतो. पण आजा चालला हे खरं हाय ना? मग लिहा. आन् आडनावासकट लिहा." हे बोलणे आम्ही बैठकीत जसेच्या तसे सांगितले. त्यावर फार वेळ कुणी बोलले नाही. मग थोरले आबाच म्हणाले, लिहा.

म्हणून ह्या अंकातली जुन्या वारकऱ्यांची यादी पाहा. आळीप्रमाणे लावलेली नाही, वारीला लागल्याच्या सालाप्रमाणे लावली आहे. ते पाच मोरे मोऱ्यांतच आहेत. राहिलेली दोन नावे वहीत आहेत तशी, बापाच्या नावासकट घातली आहेत. कुणाला ओळख पटली तर सांगावे, पुढच्या छपाईत आडनाव लावू.

एक काम मात्र अपुरे आहे, आणि ते माता-भगिनींकडून व्हायला हवे. वहीत बायकांची नावे नाहीत असे नाही, पण 'अमक्याची आई', 'तमक्याची सून' अशी आहेत. डोक्यावर तुळस घेऊन पंधरा-सोळा मुक्काम चाललेल्या बाईला वहीत नाव नाही. बरे, बाईचे आडनाव एकदा माहेरी आणि एकदा सासरी, मग ती कुठल्या घराच्या इतिहासात धरायची? शिऊरच्या बहिणाबाईंनी हा प्रश्न आपल्यापुरता सोडवला होता. देवगावचे आऊजी कुळकर्णी बाप, जानकी आई, नवरा पाठकांचा, गुरू तुकोबाराय, हे सगळे तिने आपल्या अभंगांत स्वतः सांगून ठेवले. चोखोबांच्या घरच्या सोयराबाई आणि निर्मळाबाई यांची नावेही आपल्याला त्यांच्या अभंगांमुळेच माहीत आहेत. त्या घराचे आडनाव आज कुणी सांगत नाही, पण माणूस आणि माणूस ओळखीचा आहे. तर प्रत्येक घरातल्या म्हातारीने आपली आई, आजी, त्यांची गावे, एवढे तरी नातवंडाकडून लिहून घ्यावे. म्हातारी गेली की ती वही कायमची मिटली.

आम्हाला विचाराल, की एवढे करून मोरे मोठे झाले का? तर नाही. जावळीचा एकही निघाला नाही, देहूचाही निघाला नाही. निघाले ते दुष्काळातून आलेले, लेकीच्या पोटचे, आणि वेशीबाहेर राहून कोरड्या शिध्यावर चाललेले. तुकोबारायांच्या घरी तर खतांचे गठ्ठे होते. निम्मी खते त्यांनी भावाला दिली आणि आपली निम्मी इंद्रायणीत बुडवली. लोकांनी देणे लागण्याचा कागद त्यांना नको होता. आम्ही जो कागद शोधत फिरलो तो उलटा आहे. त्यात दिंडी लोकांचे काय देणे लागते ते लिहिले आहे. हा कागद बुडवायचा नाही, ह्यातले फेडायचे.

वाटेवर कुणी कुणाला आडनावाने हाक मारत नाही. सगळे माउली. पण वहीत लिहायची वेळ आली की मग एकाचे आडनाव लिहायचे आणि एकाचे सोडायचे, असे ह्यापुढे आपल्या दिंडीत होऊ नये, एवढे मागणे मंडळींच्या पायाशी ठेवतो.

रामकृष्णहरी.