दारातून आत न येणारा सोफा

घर घेताना कार्पेट एरिया किती, मासिक हप्ता किती, स्टेशन किती मिनिटांवर आहे, याची चौकशी प्रत्येक जण करतो. मुख्य दाराला चौकट बसल्यावर आत शिरायला नेमके किती इंच उरतात, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. हा प्रश्न उपस्थित होतो तो थेट टेम्पो इमारतीखाली उभा राहिल्यावर. पैसे दिलेले असतात, दुकानदाराने ‘माल परत घेतला जाणार नाही’ असे पावतीवर छापलेले असते आणि हमाल तिसऱ्या मजल्याच्या लँडिंगवर सोफा टेकवून घाम पुसत असतात.

रायगड जिल्ह्यातील रसायनी हे या प्रश्नाचा विचार करण्यास योग्य ठिकाण आहे. मुंबई-पुणे जुन्या महामार्गावरील दांड फाट्यावरून आत वळले की खालापूर तालुक्यातील ही औद्योगिक वस्ती लागते. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीचा कारखाना येथे उभा राहिला आणि रसायनांवरून परिसराला रसायनी हे नाव रूढ झाले. येथील प्रकल्पाचे कामकाज बंद करण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१७ साली घेतला. वस्ती मात्र थांबली नाही. पाताळगंगा औद्योगिक क्षेत्रातील नोकरदार, पनवेल-नवी मुंबईचे भाव न परवडणारी कुटुंबे आणि निवृत्तीनंतर शांत जागा शोधणारे लोक मोहोपाडा परिसरात घरे घेत आहेत. एकीकडे लिफ्ट नसलेल्या तीन-चार मजली इमारती, दुसरीकडे नवे उंच गृहप्रकल्प. घरे बहुतांशी एका किंवा दोन शयनगृहांची; सोफे मात्र पनवेल, खारघर किंवा उल्हासनगरच्या बाजारातून निवडलेले, आणि ते ज्या दालनात मांडलेले असतात त्याची उंची-रुंदी पाहता सात फुटी सोफाही तेथे लहानच वाटतो.

तीन फुटांचे दार तीन फूट नसते

मंजूर नकाशात दारे-खिडक्यांचा तक्ता असतो. त्यात मुख्य दार ‘०.९० × २.१०’ किंवा ‘१.०० × २.१०’ मीटर असे नोंदलेले आढळते. सुतार आणि बिल्डर त्याला ‘तीन बाय सात’ म्हणतात. तथापि हे बहुतेक वेळा भिंतीतील मोकळ्या जागेचे माप असते. तीन फूट म्हणजे ३६ इंच. त्यात पाच बाय अडीच इंचाची लाकडी चौकट बसली की दोन्ही बाजूंचे अडीच-अडीच मिळून पाच इंच जातात, उरतात ३१. दार काटकोनात उघडले की फळीची जाडी बिजागरीच्या बाजूने पाऊण ते एक इंच आत डोकावते. आपल्याकडे बहुतेक घरांना बाहेरून जाळीचे सेफ्टी डोअरही असते; त्याचा आणखी एक इंच धरावा. म्हणजे तीन फुटांच्या दारातून प्रत्यक्षात २९ ते ३० इंचांचाच मार्ग मिळतो. उंचीचेही तेच. वरची चौकट, खाली उंबरठा किंवा फरशीची जाडी वजा जाता सात फुटांचे सुमारे ८० इंच राहतात.

आतल्या खोल्यांची दारे याहून अरुंद असतात. अडीच फुटांच्या दारातून जेमतेम २५ इंच मिळतात. त्यामुळे सोफा-कम-बेड शयनगृहात ठेवण्याचा बेत असेल, तर मोजमाप मुख्य दारापाशी संपत नाही. माप घेताना टेप दोन्ही चौकटींच्या आतल्या कडांना, दार पूर्ण उघडे ठेवून, वर, मध्ये व खाली असे तीन ठिकाणी लावावा. जुन्या लाकडी चौकटी पावसाळ्यात फुगतात आणि काही कायमच्या वाकतात. तीन ठिकाणचे आकडे सारखे येतीलच असे नाही. त्यांतील सर्वांत लहान आकडा खरा धरावा.

सोफ्याचे चौथे माप

दुकानात सोफ्याची लांबी, खोली व उंची सांगतात. तीन जणांच्या नेहमीच्या सोफ्याची ही मापे साधारण ८४, ३६ व ३४ इंच असतात. यातील एकही आकडा ३० च्या आत नाही, तरीही असे सोफे घराघरांत पोहोचलेले दिसतात. याचे कारण म्हणजे सोफा हा ठोकळा नाही. बाजूने पाहिले तर पाठ उंच आणि हात बुटके, असा त्याचा इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखा आकार दिसतो.

म्हणून चौथे माप घ्यावे लागते. पाठीच्या सर्वांत वरच्या टोकापासून हाताच्या पुढच्या टोकापर्यंत एक सरळ पट्टी टेकवावी आणि मागच्या खालच्या कोपऱ्यापासून त्या पट्टीपर्यंतचे काटकोनातील अंतर मोजावे. पाठ ३४ इंच व हात २४ इंच उंच असतील तर हे अंतर सुमारे ३३ इंच भरते. हात २० इंचांचे असतील तर ते ३२ च्या आत येते. दाराचा मार्ग याहून मोठा असेल तर सोफा तिरपा करून सरळ आत जातो.

मार्ग ३० इंचांचा असेल तर मात्र कसबी हमाल लागतो. सोफा एका हातावर उभा केला जातो. बैठकीची पुढची कड आधी दारात घालतात. या भागाची जाडी हाताच्या उंचीइतकी, म्हणजे २४ इंच, असल्याने ती सहज जाते. पाठ चौकटीला टेकू लागली की सोफा जागच्या जागी वळवतात, जेणेकरून चौकटीची कड हात आणि पाठ यांच्यामधील बेचक्यात येते, आणि मग पाठ मागोमाग आत ओढली जाते. चौकोनी, पाठीइतक्याच उंच हातांच्या सोफ्याला हे बेचकेच नसते. सध्या लोकप्रिय असलेले जाड हातांचे सोफे दारात अडतात ते यामुळे. ८४ इंचांचा सोफा ८० इंचांच्या दारातून ताठ उभा जात नाही. त्याचे डोके आधी आत झुकवावे लागते आणि त्यासाठी दाराबाहेर पुरेशी मोकळी जागा हवी. तेथे चपलांचे कपाट असेल तर ते आधी हलवावे.

वळणाचा हिशेब

दारापेक्षा वळण अधिक त्रास देते. सारख्याच रुंदीचे दोन पॅसेज काटकोनात मिळत असतील, तर आडवी वस्तू वळेल की नाही हे एका साध्या सूत्राने कळते. पॅसेजच्या रुंदीला २.८३ ने गुणावे आणि त्यातून वस्तूच्या रुंदीची दुप्पट वजा करावी. उत्तर म्हणजे वळू शकणारी जास्तीत जास्त लांबी. पॅसेज ३६ इंचांचा आणि सोफा ३४ इंच रुंद असेल तर उत्तर येते ३४ इंच. म्हणजे सात फुटी सोफा आडवा कदापि वळणार नाही. तोच उभा केला की जमिनीवर त्याने व्यापलेली जागा फक्त ३४ बाय ३६ इंच राहते आणि अडचण वळणाची न राहता पॅसेजच्या रुंदीची व छताच्या उंचीची होते.

गणितज्ञांनाही हा प्रश्न पडला आहे. एक एकक रुंदीच्या काटकोनी बोळातून जास्तीत जास्त किती क्षेत्रफळाचा सोफा सरकवता येईल, असा प्रश्न लिओ मोझर यांनी १९६६ साली मांडला. जॉन हॅमर्स्ली यांनी १९६८ मध्ये जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरसारखा आकार सुचवला. त्याचे क्षेत्रफळ २.२०७४ भरते. जोसेफ गर्व्हर यांनी १९९२ मध्ये अठरा तुकड्यांच्या कडेचा आकार देऊन ते २.२१९५ पर्यंत नेले. याहून मोठा सोफा शक्यच नाही, अशी सिद्धता दक्षिण कोरियाचे जिनऑन बेक यांनी २०२४ च्या अखेरीस शंभराहून अधिक पानांत मांडली. अर्थात गणितातला सोफा कागदावरचा आहे, तो उचलता किंवा उभा करता येत नाही. मोहोपाड्याच्या हमालाला ती मुभा असते.

एका वस्तूला मात्र ती मुभा नसते. रुग्ण झोपवलेले स्ट्रेचर उभे करता येत नाही. त्याची रुंदी २२ इंच धरली, तर ३६ इंचांच्या पॅसेजमध्ये वरील सूत्राने उत्तर येते सुमारे ५८ इंच, म्हणजे पाच फुटांपेक्षाही कमी. स्ट्रेचर सहा फुटांच्या पुढे असते. पॅसेज ४२ इंचांचा असेल तर जेमतेम सव्वासहा फूट वळतात, आणि १.२ मीटर रुंदी असेल तर साडेसात फुटांपर्यंत अडचण येत नाही. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २००५ च्या आवृत्तीत निवासी इमारतीच्या जिन्याची किमान रुंदी १ मीटर सांगितली होती. एवढ्याच रुंदीच्या काटकोनी वळणावर दोन मीटरचे स्ट्रेचर आडवे वळत नाही, ते कठड्यावरून उचलून न्यावे लागते. लिफ्ट नसलेल्या इमारतीतून हृदयविकाराच्या रुग्णाला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून किंवा चादरीच्या झोळीत चौघांनी खाली आणल्याचे अनेकांनी पाहिले असेल. पॅसेजमध्ये कायमची मांडलेली कपाटे, सायकली, कुंड्या यांनी मूळचे ४२ इंच ३० वर आलेले असतात. सोफा आणण्याच्या दिवशी ही जागा मोकळी करणे भागच पडते. सोसायटीने ती नंतरही मोकळी ठेवायला हरकत नसावी.

जिना, लिफ्ट आणि दोर

लिफ्ट असली म्हणजे प्रश्न सुटला असे नाही. भारतीय मानकानुसार सहा जणांच्या लिफ्टचा पिंजरा १.१ मीटर रुंद व १ मीटर खोल, तर दार ७० सेंटिमीटर असते. आठ जणांच्या लिफ्टसाठी हीच मापे १.३ व १.१ मीटर आणि दार ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच. पहिल्या लिफ्टमध्ये वेगळ्या खुर्च्या जातील, तीन जणांचा सोफा नाही. दुसऱ्या लिफ्टमध्ये तो तिरपा उभा करून कधी जातो, कधी जात नाही. पिंजऱ्याच्या आतली उंची मोजल्याखेरीज सांगता येत नाही. लिफ्टच्या छतावर सामान ठेवून नेण्याचा प्रकार अधूनमधून घडतो. तो जीवघेणा आहे आणि कोणत्याही परिस्थितीत होऊ देऊ नये.

उरतो जिना. दुमडणाऱ्या जिन्यात प्रत्येक लँडिंगवर पूर्ण उलटे वळावे लागते. कठडा लोखंडी व मधली जागा मोकळी असेल तर सोफा कठड्यावरून उचलून फिरवता येतो. दोन जिन्यांमध्ये भरीव भिंत असेल तर नाही. साठ-सत्तर किलोंची वस्तू तिसऱ्या मजल्यावर चढवताना खालच्या माणसावर अधिक भार येतो. हमाली मजल्यानुसार ठरते, ती आधीच बोलून घ्यावी आणि दोन माणसांत काम भागवण्याचा आग्रह धरू नये. कंबर किंवा बोटे गेलेल्या हमालाला दुसऱ्या दिवशीची मजुरी कोणी देत नाही.

हे सारे करूनही सोफा अडला, तर खर्चाच्या चढत्या क्रमाने उपाय करावेत. पाय बहुधा फिरवून निघतात, दोन-चार इंच तेथेच सुटतात. दाराची फळी बिजागऱ्यांतून काढली की आणखी इंचभर मिळतो. सेफ्टी डोअर काढले की तेवढाच. काही सोफ्यांची पाठ आतल्या लोखंडी खाचांतून वर उचलली की सुटी होते. खालचे कापड थोडे उसवून आत बोल्ट आहेत का, हे सुताराकडून पाहून घ्यावे. चौकट काढणे मात्र शेवटचा मार्ग, कारण प्लास्टर, रंग व फरशी तिन्हींचे काम निघते.

बाल्कनीतून दोराने ओढण्याचा पर्याय दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यापर्यंत वापरला जातो. स्लायडिंग खिडकीची तावदाने रुळांतून वर उचलून काढली की संपूर्ण चौकट मोकळी होते आणि ती दारापेक्षा पुष्कळ रुंद असते. पण बहुतेक बाल्कन्यांना बॉक्स ग्रिल असते, ते कापायला व पुन्हा जोडायला वेल्डर लागतो आणि सोसायटीची परवानगीही. जवळून विजेच्या तारा जात असतील किंवा पाऊस चालू असेल तर हा विचार सोडून द्यावा. खालापूर परिसरातला पाऊस पाहता जून ते सप्टेंबर हे चार महिने बादच समजावेत. अ‍ॅमस्टरडॅममध्ये कालव्याकाठची घरे इतकी अरुंद व जिने इतके उभे, की तेथे घराच्या माथ्यावर बाहेर आलेली तुळई व तिला आकडा ठेवण्याची पद्धत पडली. सामान आजही त्या आकड्याला दोर लावून खिडकीतून आत घेतले जाते. आपल्याकडे घर बांधताना अशी सोय कोणी करत नाही.

खरे तर आपल्याकडे तिची गरजही नव्हती. गादी, लोड, तक्के गुंडाळून किंवा काखोटीला मारून नेता येत. कोकणातल्या घरातला झोपाळा म्हणजे एक फळी आणि चार कड्या. पलंगाचे पायही सुटत. एकसंध, अवजड सोफा मागाहून आला. सुटे भाग नेऊन घरी जोडण्याची कल्पना आता परदेशी म्हणून परत आली आहे. स्वीडनच्या आयकिया कंपनीने १९५६ साली टेबलाचे पाय काढून ते सपाट खोक्यात बांधायला सुरुवात केली. या कंपनीचे दुकान डिसेंबर २०२० मध्ये तुर्भे येथे उघडले. सुट्या भागांचा ‘एल’ सोफा घेताना सर्वांत मोठ्या तुकड्याचेच माप पाहावे. लांब आडव्या भागाला जोड नसेल तर तो तीन जणांच्या सोफ्याइतकाच हट्टी ठरतो.

सुताराला घरी बोलावून दिवाणखान्यातच सोफा बनवून घेण्याचा रिवाज लहान गावांत टिकून आहे. लाकूड, प्लायवूड, फोम व कापड वेगवेगळे वर येते, त्यामुळे दार-जिन्याचा प्रश्नच येत नाही. बैठकीच्या व पाठीच्या जोडांवर खिळे-फेविकॉलऐवजी नट-बोल्ट लावण्यास सुताराला त्याच वेळी सांगावे. तसे न केल्यास घर सोडताना हा सोफा बाहेर निघत नाही. मग त्याची किंमत वळती करून तो नव्या मालकाला घराबरोबर दिला जातो, नाही तर करवत आणावी लागते.