चंडीगढची खुर्ची: कचेरीतून भंगारात, भंगारातून दिवाणखान्यात

ऑनलाइन फर्निचरच्या दुकानांत हल्ली 'चंडीगढ चेअर' सर्रास दिसते. सागवानी लाकूड, वेताची विण, बाजूला उलट्या 'व्ही'सारखे पाय. खाली बिनधास्त लिहिलेलं असतं, 'ल कॉर्बुझिएच्या डिझाइनवरून'. हे अर्धवट खरं आहे, म्हणून जरा सविस्तर.

फाळणीत लाहोर गेलं आणि आपल्याकडच्या पंजाबला राजधानीच उरली नाही. नव्या शहराचा आराखडा ल कॉर्बुझिएचा, पण तो वर्षातून एक-दोनदा यायचा. १९५१ पासून तिथेच राहून काम करून घेतलं ते त्याच्या चुलत नात्यातल्या भावाने, पिअर जानरेने. चौदा वर्षं! १९६५ मध्ये आजारपणामुळे तो परत गेला, १९६७ मध्ये वारला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे अस्थी चंडीगढच्या सुखना तलावात सोडल्या. दुकानाच्या पाटीवर मात्र भाऊच.

सचिवालय, हायकोर्ट, विद्यापीठ उभं राहिलं, पण बसायचं कशावर? जानरे आणि युली चौधरींसारख्या इथल्या आर्किटेक्टांनी नमुने काढले आणि आसपासच्या सुतारांनी हजारो खुर्च्या-टेबलं बनवली. सागाला वाळवी सहसा लागत नाही, वेतातून हवा खेळते. कारकुनाने दिवसभर बसून काम करावं, एवढाच हिशोब. कारखाने वेगवेगळे, त्यामुळे एकाच नमुन्याच्या दोन खुर्च्यांची मापं जुळतीलच असं नाही. सुतारांची नावं बहुतेक कुठे नोंदलेली नाहीत. नोंदला तो खुर्चीचा नंबर, कचेरीच्या नावासकट रंगाने लिहिलेला.

पुढचं आपल्याला पाठ आहे. वेत फाटला, खुर्ची गच्चीवर गेली, निर्लेखन झालं, भंगार म्हणून लिलाव झाला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस फ्रेंच व्यापारी हा माल घेऊ लागले. पॉलिश केलं, वेत नव्याने विणला, आणि पॅरिस-न्यूयॉर्कच्या लिलावांत त्याच खुर्च्यांना लाखो रुपये मिळू लागले. यातला बराच माल रीतसर विकलेला, पावतीसकट. म्हणून नुसतं 'चोरलं' म्हणून मोकळं होता येत नाही. गंमत म्हणजे कचेरीचा तो रंगवलेला नंबरच आता अस्सलपणाचा पुरावा मानतात. नकली माल करणारे तोही रंगवतात!

केंद्रीय गृहमंत्रालयाने २०११ मध्ये या वस्तूंची विक्री आणि निर्यात रोखली. पण १९७२ च्या पुरावशेष कायद्यात अशी वस्तू 'पुरावशेष' ठरायला शंभर वर्षं लागतात. ही खुर्ची साठी-सत्तरीची. मग परदेशातल्या लिलावाला हरकत कशाच्या जोरावर घ्यायची? २०१६ मध्ये तिथला कॅपिटॉल परिसर जागतिक वारसा झाला, तोवर किती खुर्च्या बाहेर गेल्या होत्या!

२०१९ पासून इटलीची कासिना कंपनीही जानरेच्या नावाने असं फर्निचर विकते. आपल्याकडेही प्रतिकृती बनतात, आणि मला त्यात वावगं वाटत नाही. वेत विणणाऱ्याला काम मिळतं, घरात प्लास्टिकऐवजी सागवान येतं. फक्त नाव तरी बरोबर लिहा.

आपल्या जुन्या शाळा-कचेऱ्यांतही साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं सुतारकाम असेलच. डेडस्टॉकच्या यादीत ते 'मोडकी लाकडी खुर्ची, नग अमुक' एवढंच उरतं. कुठे दिसलं, तर लिलावाआधी मागच्या नंबरासकट फोटो काढा आणि इथे टाका.